माया ठेवून कापा: इलेक्ट्रिक गिटारची बॉडी घरच्या घरी

माझा धंदा शिवणकामाचा. चोवीस वर्षं कपडे बेततेय. त्यामुळे लेक एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आली आणि म्हणाली, "आई, बॉडीच तडकलीय गं, बाकी सगळं ठीक आहे. फळीच तर कापायचीय," तेव्हा मी फारसा विचार न करता हो म्हणून बसले. आतापर्यंत चार बॉड्या झाल्या. पहिली वाया जाता जाता वाचली, दुसरी जड झाली, तिसरी बरी होती, चौथी लेक रोज वाजवते. खाली लिहितेय ते या चारींच्या हिशेबानं. नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब मान, तयार आहे असं मी धरलंय. नेक घडवणं हे वेगळं काम आहे, पहिल्याच वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी एक गोष्ट पक्की करू. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी म्हणजे नेक आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) यांना एका रेषेत, ठरलेल्या अंतरावर, बेताच्या उंचीवर घट्ट धरून ठेवणारा ठोकळा. बाकी शोभा आणि सोय. १९४० च्या सुमारास लेस पॉल या गिटारवादकानं चार बाय चार इंचांच्या पाइनच्या वाशावर नेक, ब्रिज आणि पिकअप (तारेची थरथर पकडणारा भाग) बसवले आणि ते वाजलं. गिटारसारखं दिसावं म्हणून त्यानं दुसऱ्या एका गिटारचे दोन अर्धे बाजूंना लावले, एवढंच. १९३२ च्या सुमारास विक्रीला आलेली, मांडीवर ठेवून वाजवायची रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ तर ओतीव अॅल्युमिनियमची होती. तेव्हा आकारात आणि लाकडाच्या नावात जीव अडकवू नका. जीव अडकवायचा तो मापात.

लाकूड आणि वजन

कोणतं लाकूड छान वाजतं यावर लोक रात्र रात्र भांडतात. पिकअप तारेची थरथर पकडतो, लाकडाचा वाटा त्यात असला तरी थोडा, असं माझं मत झालंय. मी लाकूड निवडते ते तीन गोष्टींवर: वाळलेलं आहे का, सरळ आहे का, खांद्याला झेपेल का.

वजनाचा अंदाज आधीच काढता येतो. साधारण आकाराच्या, ४५ मिमी जाड बॉडीत चार लिटरच्या आसपास लाकूड असतं. अल्डर किंवा हलकं पाइन घनमीटरला ४५० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे बॉडी १.८ किलो. महोगनी ५५० धरली तर २.२ किलो. साग ६५० च्या आसपास, म्हणजे २.६. शिसम ८०० च्या घरात, म्हणजे ३.२ किलो, वर नेक, खुंट्या आणि ब्रिजचं किलोभर वेगळं. माझी दुसरी बॉडी शिसमाची. दिसायला इतकी देखणी की मी तिच्यावर हात फिरवत बसायची. लेकीनं पंधरा मिनिटं गळ्यात अडकवली आणि काही न बोलता परत दिली.

पाइनला कुणी हसलं तर हसू द्या. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरच्या कारखान्यात अगदी सुरुवातीच्या काही गिटारांच्या बॉड्या पाइनच्याच होत्या. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये जी गिटार करायला घेतली, तिचा नेक जुन्या शेकोटीच्या लाकडातून निघाला होता आणि बॉडीत जुन्या टेबलाचं ओक होतं. जुन्या फर्निचरचं लाकूड खरोखर चांगलं, कारण ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त त्यातले खिळे शोधून काढा, एक जरी राहिला तर राउटरचं (लाकूड कोरणाऱ्या यंत्राचं) पातं गेलं.

नवी फळी असेल तर ती वाळली की नाही हे कळायला वजनकाटा पुरे. दर आठवड्याला तोला आणि फळीवरच पेन्सिलीनं लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही, तर ती त्या हवेला सरावली. ओल्या लाकडाची बॉडी आज चपखल आणि सहा महिन्यांनी वाकडी. ओल्या कापडाचा कपडा शिवल्यासारखंच.

सागाबद्दल एक सूचना. त्यात तेल असतं, गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या कडा गोंद लावण्याच्या अगदी आधी अॅसिटोननं पुसा. शिवाय साग हत्यारांची धार लवकर खातो.

कागदावर बेतणं

थेट लाकडावर रेघ मारू नका. जाड खाकी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढा. पहिली रेघ मध्यरेषेची. सगळी मापं तिच्यापासून दोन्हीकडे.

मग नेकचं माप. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी, आणि फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. नटच्या फ्रेटकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या माथ्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. ३२४ मिमी आलं तर स्केल ६४८, म्हणजे साडेपंचवीस इंच. ३१४ आलं तर ६२८. नेक कुठल्या गिटारचा आहे हे लोक काय सांगतात त्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. आता नटपासून नेकच्या टाचेच्या (बॉडीत बसणाऱ्या भागाच्या) टोकापर्यंत मोजा. माझ्या नेकचं ते ४७० भरलं. ६४८ वजा ४७०, म्हणजे नेकच्या खाचेच्या भिंतीपासून १७८ मिमीवर तारेचं दुसरं टोक. या आकड्याभोवती सगळी बॉडी बेतायची.

आणि हे माप स्टीलच्या पट्टीनं घ्यायचं. मी पहिल्या वेळी गळ्यातली शिवणकामाची टेप वापरली. किती वर्षं ती माझ्या मानेवर लोंबतेय, तिचा ताण किती गेलाय याचा विचारच आला नाही. टेप ६४८ दाखवत होती, प्रत्यक्षात अंतर ६५४ होतं. कपड्यात हे कधीच कळलं नाही, कारण सगळंच त्या टेपनं मोजलेलं. गिटारमध्ये फ्रेट कारखान्यात खऱ्या मापानं ठोकलेले असतात आणि ब्रिज माझ्या टेपनं. मोकळी तार बरोबर लावली की बाराव्या फ्रेटवरचा स्वर सुमारे पंधरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला. लेकीला पहिल्याच मिनिटात कळलं, मला अर्धा तास लागला. सॅडल (ब्रिजवरचे, तारा टेकायचे सरकते तुकडे) पुढे, नेककडे घ्यावीत तर ती आधीच पुढे टेकलेली. शेवटी ब्रिजची स्क्रूची भोकं लाकडी खुंट्या आणि गोंदानं बुजवून ब्रिज सहा मिमी पुढे सरकवला.

म्हणून ब्रिज आखताना माया ठेवा. कपड्यात शिवणीच्या आत ठेवतो तशीच. सगळ्यात बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पुढे आणा, पण पुढे आणखी दोन-तीन मिमी सरकायला जागा सोडा, आणि त्या स्थितीत ते ६४८ वर येऊ द्या. बाकीची सॅडलं नंतर ट्यून करताना मागे जातात. जाड तारेचं तर बारीक तारेपेक्षा तीन-चार मिमी मागे जातं.

पहिल्या वेळी सपाट, बॉडीला टेकून बसणारा ब्रिज घ्या. खांबांवर उभा राहणारा उंच ब्रिज घेतला तर नेक दोन-तीन अंश मागे कलवावा लागतो, आणि तो कोन हातानं साधणं अवघड.

बाह्याकार तुमच्या आवडीचा. दोनच गोष्टी बघा. वरचं शिंग असं असू द्या की पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या आसपास येईल, नाहीतर हात सोडला की नेक जमिनीकडे झुकतो. आणि खालची खोबण, जिथून डावा हात वरच्या फ्रेटपर्यंत पोचतो, ती मुंढ्यासारखी असते. घट्ट बेतली की हात अडकतो.

पिकअपच्या जागा याच कागदावर ठरवा. ६४८ च्या स्केलवर नेककडच्या पिकअपचा मध्य ब्रिजच्या रेषेपासून १६२ मिमीवर, म्हणजे तारेच्या पाव लांबीवर ठेवायची रीत आहे. माझ्या आकड्यांत तो खाचेच्या भिंतीपासून १६ मिमीवर येतो. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा अरुंद पिकअप) असेल तर मध्ये सहा-सात मिमी लाकूड उरतं. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) रुंद असतो, तो त्याच जागी ठेवला तर भिंतच उरत नाही. मग ब्रिजकडे सरकवा, कुणी हटकणार नाही.

फळी जोडणं

सुमारे ५१० बाय ३५५ मिमीची अखंड रुंद फळी क्वचित मिळते, म्हणून दोन जोडतात. सांधा मध्यरेषेवर आला की आखायला सोपं. दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून, जोडायच्या कडा वर करून, एकत्रच शिकंज्यात धरा आणि एकत्रच रंधा मारा. रंधा जरा तिरका गेला तरी उघडल्यावर एकीची चूक दुसरीच्या चुकीत मिटते. मग एकावर एक उभ्या ठेवून पाठीमागे दिवा धरा. उजेड दिसला की पुन्हा रंधा.

गोंद दोन्ही कडांना पातळ. क्लॅम्प इतकेच आवळा की सांध्यावर बारीक मणी उमटतील. तासाभरानं क्लॅम्प काढले तरी रात्रभर फळीला हात लावू नका. नंतर दोन्ही पृष्ठभाग सपाट करा. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्यानं बघितलं की पीळ लगेच दिसतो. जाडी ४५ मिमीवर आणा.

राउटर

आता माझं मत, जे बऱ्याच जणांच्या उलट आहे: बाहेरचा आकार शेवटी कापा. फळी चौकोनी असतानाच नेकची खाच आणि पिकअपचे खड्डे करा. राउटरला टेकायला चहूबाजूंनी लाकूड मिळतं, क्लॅम्प लावायला कडा मिळतात, आणि खाच बिघडलीच तर मध्यरेषा सरकवून दुसरा डाव मांडता येतो.

नेकच्या खाचेचा साचा नेकवरूनच घ्या. नेक मध्यरेषेवर ठेवा, टाचेच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाला एमडीएफच्या सरळ पट्ट्या अगदी भिडवून दुहेरी टेपनं चिकटवा. नेक उचलला की उरतो तो साचा. पण चिकटवण्याआधी दोरा लावा. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत दोन दोरे ताणा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून दोऱ्यांचं अंतर सारखं दिसलं पाहिजे, शेवटच्या फ्रेटपर्यंत. पट्टी जे दाखवत नाही ते दोरा दाखवतो. या एका कामाला मी अख्खी संध्याकाळ देते.

फेंडर पद्धतीच्या नेकची टाच साधारण ५६ मिमी रुंद, खाच ७६ मिमी लांब आणि १६ मिमी खोल. टाच २५ मिमी जाड असते, म्हणजे नेक बॉडीच्या वर नऊ मिमीभर राहतो. सपाट ब्रिजला ही उंची चालते. तुमच्याकडच्या नेकची टाच वेगळी असेल तर तिचं माप धरा, माझं नाही.

राउटरचं बिट, म्हणजे फिरतं पातं, वरच्या अंगाला बेअरिंग असलेलं घ्या. बेअरिंग साच्यावर फिरतं, पातं खाली लाकूड खातं. एका फेरीत ५ मिमीपेक्षा खोल जाऊ नका. दिशा लक्षात ठेवा: खड्ड्याच्या आतल्या भिंतीवर राउटर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, बाहेरच्या कडेवर उलट. चुकीच्या दिशेनं तो हातातून पळतो. चष्मा, कानाला काहीतरी आणि चांगला मास्क लावाच, एमडीएफची धूळ फार बारीक असते.

खड्ड्यांमधलं बरंचसं लाकूड आधी ड्रिलनं काढलं तर राउटरचा जीव वाचतो. सपाट बुडाच्या बिटाला मधे टोक असतं, ते बुडापेक्षा खोल जातं. पिकअपचा खड्डा १८ ते २० मिमी खोल असतो, तिथे चालून जातं. आवाजाच्या बटणांचा खड्डा ३८ मिमी खोल करतो आणि खाली जेमतेम ७ मिमी उरतं, तिथे हे टोक पाठीतून बाहेर डोकावू शकतं. राउटरचं बिटही कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) पूर्ण बुडाशी टेकवू नका, दोन मिमी वर ओढून मग आवळा. तिसऱ्या बॉडीच्या वेळी माझं बिट सैल होऊन खाली उतरत गेलं आणि खड्डा ठरवल्यापेक्षा चार मिमी खोल झाला. पाठ फुटली नाही हे नशीब.

पिकअपच्या वायरींची वाट आत्ताच करा. नेकच्या खाचेतून लांब ६ मिमी बिट तिरकं घालून नेककडच्या पिकअपच्या खड्ड्यात, तिथून पुढच्या खड्ड्यात, तिथून बटणांच्या खड्ड्यात. आणखी एक बारीक भोक ब्रिजखालून बटणांच्या खड्ड्यापर्यंत. यातून ब्रिजची अर्थिंगची तार जाते. ही राहिली की तारांवर हात ठेवला तरी गुणगुण थांबत नाही. फिनिश झाल्यावर हे भोक पाडण्याचा प्रसंग स्वतःवर आणू नका.

बाहेरचा आकार

जिगसॉनं रेषेच्या बाहेर तीन मिमी माया सोडून कापा. वळणावर जिगसॉचं पातं खाली तिरकं होतं, म्हणून माया हवीच. मग साचा लावून राउटरनं रेषेपर्यंत आणा. शिंगांच्या टोकाशी रेषे आडवे येतात आणि तिथेच लाकूड चिरफळतं. तिथे मी राउटर आणतच नाही, कानस आणि पॉलिश पेपरनं हळूहळू जाते.

जॅकचं (अॅम्पची वायर खुपसायच्या जागेचं) २२ मिमी भोक कडेतून बटणांच्या खड्ड्यात पाडा, कडा गोल करायच्या आधी, ड्रिल सरकत नाही. मग कडा ३ ते १२ मिमी त्रिज्येनं गोल करा, पण नेकच्या खाचेशी थांबा. तिथली कड गोल झाली की नेकशेजारी कायमची फट दिसते. पोटाला टेकणारा पाठीचा भाग आणि कोपराखालची कड हवी तर कानसेनं उतरवा. हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण इथे मोजमाप नाही. गिटार पोटाशी धरायची, कुठे टोचतं बघायचं, तिथलं काढायचं, अगदी ट्रायल घेतल्यासारखं.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२०, रेषांच्या दिशेनं. २२० नंतर ओल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर रेषे उभे राहतील, ते पुन्हा २२० नं बसवा. फिनिशमध्ये मी फार रमत नाही. फडक्यानं लावायचं तेल किंवा पॉलियुरेथेन, चार-पाच पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. नेकच्या खाचेत फिनिश नको, खाच घट्ट होते. जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग फेका.

जोडणी

नेकचे चार स्क्रू. बॉडीतलं भोक असं पाडा की स्क्रू त्यातून सैल जाईल आणि पीळ फक्त नेकमध्ये धरेल. बॉडीतही पीळ धरला तर स्क्रू कितीही आवळा, मधली फट मिटत नाही. खाचेखाली २९ मिमी लाकूड आणि ४५ मिमी स्क्रू, म्हणजे नेकमध्ये १६ मिमीच्या आत. बॉडी ४० मिमीची केली असेल तर हाच स्क्रू २१ मिमी आत जातो, आणि टाच २५ चीच आहे. स्क्रू फ्रेटबोर्डमधून बाहेर आलेला मी पाहिलाय, माझ्या हातचा नव्हता एवढंच समाधान. स्क्रूच्या पिळांना मेण किंवा साबण चोळा, कडक लाकडात डोकं तुटत नाही.

खड्ड्यांना तांब्याची चिकट पट्टी अस्तरासारखी लावा. पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे सोल्डरचा थेंब द्या आणि हे अस्तरही अर्थला जोडा. ब्रिजच्या स्क्रूंची भोकं पाडायच्या आधी दोरे पुन्हा ताणा. हो, पुन्हा.

तारा चढल्या की मोकळी तार ट्यूनरवर लावा आणि तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढलेला असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार पुन्हा लावून मगच बघायचं. सहा तारांना मला अजूनही पाऊण तास लागतो. लेक तोवर शेजारी बसून ‘आई, आता दे ना’ करत असते.